लेखणी उचलली गेली आहे, हक्क नव्हे

प्रत्येक मोहल्ल्यात एखादे तरी घर असे असते की जेथील एक मूल वयाने वाढते, पण समजुतीने त्याच गतीने वाढत नाही. कोणाला बोलणे उशिरा येते, कोणाला येतच नाही. कोणी हाक मारली तरी मान वर करीत नाही, कोणाचे हातपाय त्याच्या इच्छेप्रमाणे वळत नाहीत. वैद्यकशास्त्र या अवस्थांना बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम अशी वेगवेगळी नावे देते. त्या सर्वांना मिळून विकासात्मक अपंगत्व म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १५ लाख व्यक्ती बौद्धिक अक्षमता असलेल्या होत्या. या लाखोंमध्ये आपल्या समाजातील घरेही अर्थातच आहेत.

असे असूनही आपल्या जुम्म्याच्या सफांमध्ये ही मुले व ही माणसे क्वचितच दिसतात. मकतबमध्ये त्यांची नावे नसतात, वलीम्याच्या दस्तरखानावर त्यांची जागा नसते, आणि वडिलांच्या निधनानंतर वारसांच्या कागदांवरही कित्येकदा त्यांचे नाव नसते. या मुलांविषयी विचारले तर उत्तर मिळते, "त्याच्यावर काही फर्ज नाही, तो तर जन्नती आहे." हे वाक्य सांत्वनासाठी उच्चारले जाते आणि त्याचा आधार एका हदीसमध्ये आहे. परंतु त्या हदीसचा अर्थ आपण जेथे थांबवतो तेथे तो थांबत नाही. म्हणून या लेखात तीन गोष्टींचा क्रमाने विचार करावयाचा आहे: शरीअतच्या दृष्टीने अशा व्यक्तीचे स्थान काय, प्रेषित मुहम्मद (स.) यांचे अशा व्यक्तींशी वर्तन कसे होते, आणि आज आपल्यावर, म्हणजे आईवडील, भाऊबंद, मस्जिद व जमात यांच्यावर, कोणते कर्तव्य येते.

आधी एक गैरसमज

अपंग मूल जन्माला आले की घरात पहिला प्रश्न उठतो तो "हे कोणाच्या पापाचे फळ?" असा. बहुधा बोट आईकडे वळते. मग ग्रहणात बाहेर पडल्याची, कोणाची नजर लागल्याची, जिन्नाचा साया पडल्याची चर्चा होते. दिव्य कुरआनने हा प्रश्नच निकालात काढला आहे. कोणताही जीव दुसऱ्या जिवाचे ओझे वाहणार नाही हे तत्त्व कुरआनमध्ये एकाहून अधिक ठिकाणी आले आहे (सूरह अनआम, आयत १६४ हे त्यांपैकी एक). मातेच्या उदरात अल्लाह आपल्या इच्छेप्रमाणे आकार देतो, हे सूरह आले इमरानच्या सहाव्या आयतीत सांगितले आहे. डाउन सिंड्रोममध्ये सामान्यतः एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते, आणि हे गर्भधारणेच्या वेळीच ठरते. सेरेब्रल पाल्सी ही जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला झालेल्या इजेमुळे येते. यांपैकी कशातही आईचा गुन्हा नाही.

दुआ करणे ही उपासना आहे आणि ती करीत राहावे. पण दुआ उपचाराच्या जागी उभी करणे हा प्रेषितांचा मार्ग नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भिस्त ठेवू का, असे विचारणाऱ्याला त्यांनी आधी उंट बांधून मग भिस्त ठेवण्यास सांगितले, ही तिर्मिजीतील हदीस सर्वांना ठाऊक आहे. चालणे, बोलणे, स्वतःच्या हाताने जेवणे या गोष्टी शिकवण्याचे उपाय वयाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत सुरू झाले तर त्यांचा लाभ अधिक होतो. ही मौल्यवान वर्षे तावीज बदलण्यात आणि एका आमिलाकडून दुसऱ्याकडे जाण्यात संपून जातात, तेव्हा नुकसान त्या मुलाचे होते. बांधून ठेवणे, मारणे, उपाशी ठेवणे हे तर उघड जुलूम आहेत. २००१ च्या ऑगस्ट महिन्यात तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या एका खासगी निवासात साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत मरण पावले. मनोरुग्णता आणि बौद्धिक अक्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत. पण माणसाला साखळी घालण्यामागची समजूत दोन्हीकडे एकच असते, आणि तिला दीनचा आधार नाही.

लेखणी उचलली जाणे म्हणजे काय?

अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई व इब्ने माजा यांच्या संग्रहांत आलेल्या हदीसचा आशय असा आहे की तीन व्यक्तींवरून लेखणी उचलली गेली आहे: झोपलेला जागा होईपर्यंत, बालक वयात येईपर्यंत आणि ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही तो शुद्धीवर येईपर्यंत. लेखणी म्हणजे कर्मे नोंदवणारी लेखणी. अर्थात त्यांच्या चुकीची नोंद पाप म्हणून होत नाही आणि नमाज-रोजा सुटल्याचा जाब त्यांना द्यावा लागत नाही.

येथे दोन मुद्दे ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की ज्यांच्यावरून लेखणी उचलली गेली त्या तिघांमध्ये झोपलेला मनुष्यही आहे. माणूस झोपला म्हणून कोणी त्याचे घर ताब्यात घेत नाही आणि त्याला जमातीबाहेर काढत नाही. लेखणी उचलली गेली ती जबाबदारीची. हक्कांवर तिचा काहीही परिणाम झालेला नाही.

उसूले फिकहच्या विद्वानांनी हाच मुद्दा दोन संज्ञांनी स्पष्ट केला आहे. एक आहे 'अहलियते वुजूब', म्हणजे हक्क धारण करण्याची पात्रता. ती मनुष्य असण्यावरून मिळते, बुद्धीवरून मिळत नाही. जिवंत जन्मलेल्या प्रत्येक मुलाला ती पूर्णपणे प्राप्त असते. तो वारस होतो, संपत्तीचा मालक होतो, त्याच्या प्राणाची व अब्रूची हुरमत इतरांइतकीच असते. दुसरी आहे 'अहलियते अदा', म्हणजे स्वतः व्यवहार करण्याची आणि जाब देण्याची पात्रता. ती समजुतीवर अवलंबून असते. बौद्धिक अक्षमतेमुळे कमी होते ती दुसरी. पहिलीला धक्का लागत नाही.

दुसरा मुद्दा असा की दुसरी पात्रताही 'आहे' किंवा 'नाही' अशी दोनच टोके असलेली नाही. हनफी फुकहांनी 'मजनून' (ज्याची बुद्धी पूर्णपणे झाकली गेली आहे) आणि 'मातूह' (ज्याची समज कमी आहे, पण काही प्रमाणात आहे) असा भेद केला. मातूहला त्यांनी समज आलेल्या बालकाच्या जागी ठेवले. ज्यात त्याचा निव्वळ लाभ आहे, उदाहरणार्थ भेट स्वीकारणे, ते तो स्वतः करू शकतो. ज्यात निव्वळ हानी आहे ते त्याच्या नावाने कोणी करू शकत नाही. ज्यात लाभ व हानी दोन्हींची शक्यता आहे, जसे खरेदी-विक्री, ते वलीच्या संमतीने होते. यातून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. समज जितकी आहे तितकी मान्य करावी आणि उणीव आहे तेवढ्यापुरताच आधार द्यावा. सौम्य अक्षमता असलेला जो मुलगा नमाज म्हणजे काय हे जाणतो, त्याला 'तुझ्यावर काही नाही' म्हणून घरी बसवणे म्हणजे त्याचे ओझे हलके करणे नव्हे. आपण त्याची इबादतच हिरावून घेत असतो.

प्रेषितांचे वर्तन

सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. मदीनेतील एका स्त्रीच्या बुद्धीत काही बिघाड होता. ती प्रेषितांकडे आली आणि म्हणाली की तिला त्यांच्याशी काही काम आहे. प्रेषितांनी तिला अमक्याची आई अशा आदराच्या संबोधनाने हाक मारली आणि सांगितले की तिला हवी ती गल्ली तिने निवडावी, म्हणजे ते तिचे काम करून देतील. मग ते तिच्यासोबत रस्त्याच्या एका बाजूस गेले आणि तिचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत तिच्याबरोबर राहिले.

हदीस अवघी दोन-तीन ओळींची आहे, पण तिच्यातील प्रत्येक तपशील शिकण्यासारखा आहे. तिचे काम काय होते हे कथनकर्त्याने सांगितले नाही. ते मोठे असेल किंवा इतरांच्या दृष्टीने अगदीच क्षुल्लकही असेल. प्रेषितांनी तिला नावे ठेवली नाहीत, तिच्या घरच्यांना बोलावून आणण्यास सांगितले नाही, सहाबींपैकी कोणावर सोपवले नाही. अरबांमध्ये अपत्याच्या नावावरून हाक मारणे हा मानाचा रिवाज आहे, आणि तो मान त्यांनी तिला दिला. जागा निवडण्याचा अधिकार तिला दिला. चार लोकांसमोर तिचे हसे होऊ नये म्हणून बाजूला गेले, तरीही रस्ता सोडला नाही, म्हणजे एकांताचा प्रश्नही उरला नाही. आणि बोलणे संपवण्याची घाई केली नाही. एका राज्याचा कारभार ज्यांच्या खांद्यावर होता, त्यांनी वेळ दिला तो अशा व्यक्तीला, जिच्याकडून मोबदल्यात काहीच मिळणार नव्हते.

दुसरा प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका स्त्रीला अपस्माराचे झटके येत असत आणि त्या वेळी तिचे वस्त्र विस्कटत असे. तिने प्रेषितांकडे दुआची विनंती केली. त्यांनी तिच्यासमोर दोन पर्याय ठेवले: सब्र करून जन्नत, किंवा आरोग्यासाठी दुआ. तिने सब्र निवडला, पण आपले अंग उघडे पडू नये यासाठी दुआ करावी असे सांगितले, आणि प्रेषितांनी तशी दुआ केली. आजारी स्त्रीला तिच्या स्वतःच्या आयुष्याविषयी विचारले गेले आणि तिच्या दृष्टीने आजारापेक्षा अब्रू मोठी आहे हे ऐकून घेतले गेले. आपल्या घरांत मात्र अपंग व्यक्तीविषयीचे सर्व निर्णय तिच्या डोक्यावरून होतात. कोणते कपडे, कोणते जेवण, कोणाकडे जायचे, इतकेही तिला विचारले जात नाही.

दृष्टिहीन सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्याविषयी सूरह अबसच्या प्रारंभीच्या आयती अवतरल्या. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांना दीन समजावून देण्यात गुंतलेले असताना हे सहाबी मध्येच आले, आणि अल्लाहने आपल्या प्रेषितांना लक्ष वेधून सांगितले की शिकण्याच्या ओढीने आलेल्याकडे आधी पाहावे. पुढे त्यांना मदीनेच्या मस्जिदीत अजान देण्याचे काम मिळाले. रमजानमध्ये हजरत बिलाल (रजि.) यांची अजान रात्री असे आणि सहरी थांबवण्याची खूण इब्ने उम्मे मक्तूम यांची अजान होती. प्रेषित मोहिमेवर बाहेर पडत तेव्हा अनेकदा मदीनेत आपल्या जागी त्यांना नेमून जात. त्यांचे अपंगत्व दृष्टीचे होते, बुद्धीचे नव्हते, पण तत्त्व सर्वांना लागू आहे. आदर म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. ज्याला जे जमते असे खरे काम त्याच्या हाती देणे म्हणजे आदर.

हा वारसा पुढेही चालला. उमय्या खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक (कारकीर्द ७०५ ते ७१५) याने कुष्ठरोग्यांना वेतन लावून दिले, चालता न येणाऱ्याला सेवक व दृष्टिहीनाला वाटाड्या दिला, असे इतिहासकार तबरी यांनी नोंदले आहे. म्हणजे ही जबाबदारी एकट्या कुटुंबाची न मानता बैतुल मालची, अर्थात साऱ्या समाजाची मानली गेली.

मस्जिदीचे दार

काही ठिकाणी 'आपल्या मस्जिदींपासून मुले व वेडे यांना दूर ठेवा' अशा आशयाची सूचना हदीस म्हणून सांगितली जाते. ही रिवायत इब्ने माजामध्ये आहे. परंतु तिच्या सनदमधील हारिस बिन नबहान हा कथनकर्ता मुहद्दिसांनी दुर्बल ठरवला आहे आणि विद्वानांनी रिवायतला जईफ म्हटले आहे. तिच्या उलट अत्यंत प्रबळ सनदच्या हदीसी आहेत. प्रेषितांनी आपल्या नातीला, हजरत उमामा यांना, खांद्यावर घेऊन नमाज पढवली. मुलाच्या रडण्याचा आवाज ऐकून, आईला त्रास होऊ नये म्हणून, नमाज आटोपती घेतली. मागे दुर्बल, आजारी व वृद्ध असतात म्हणून इमामाने नमाज लांबवू नये असा आदेश दिला.

फुकहांनी याविषयी जे लिहिले त्याचा रोख मस्जिदीच्या पाकीवर आहे. मस्जिद नापाक होण्याची दाट शक्यता असेल तर आणू नये असे हनफी ग्रंथांत आहे, आणि शाफिई फुकहांनीही पाकीचाच निकष पुढे ठेवला आहे. आज योग्य कपडे व डायपर यांनी ही अडचण पुष्कळ अंशी दूर होते. राहिला प्रश्न आवाजाचा व हालचालीचा. एखादा मुलगा सफमध्ये डोलला, मध्येच हसला किंवा पुढून निघून गेला म्हणून शेजाऱ्यांची नमाज बातिल होत नाही. आणि समजा, कधी मस्जिद अस्वच्छ झालीच, तर काय करावे हेही आपल्याला शिकवलेले आहे. एका ग्रामीण अरबाने मस्जिदे नबवीत लघवी केली तेव्हा लोक त्याच्यावर धावले. प्रेषितांनी त्यांना थांबवले, त्याला पूर्ण करू दिले आणि त्या जागी बादलीभर पाणी ओतायला सांगितले. ज्याला न समजल्यामुळे ते घडले त्याच्याशी ही वागणूक, तर ज्याला समजण्याची शक्तीच मर्यादित आहे त्याच्याशी आपली वागणूक कशी असावी?

मस्जिद समितीने काही साध्या गोष्टी केल्या तर पुष्कळ फरक पडेल. स्वमग्न मुलांना मोठा आवाज खरोखर वेदना देतो, म्हणून आतल्या लाउडस्पीकरचा आवाज माफक ठेवावा. दाराजवळची किंवा कडेची जागा अशा कुटुंबासाठी राखावी, म्हणजे अस्वस्थ झाल्यावर बाहेर पडणे सोपे जाते. वजूखान्याकडे पायऱ्यांबरोबर उतार असावा. मुलाला पहिल्यांदा जुम्म्याच्या गर्दीत न आणता अस्रच्या लहान जमातीत आणावे, असे वडिलांना सुचवावे. आणि चार समंजस तरुणांना सांगून ठेवावे की हे मूल आले की वळून पाहणाऱ्यांपैकी आपण व्हायचे नाही. सलाम करून शेजारी बसणाऱ्यांपैकी व्हायचे. एकदा अपमानित होऊन परतलेला बाप पुन्हा मुलाला घेऊन येत नाही, आणि काही वेळा स्वतःही येत नाही.

कोण आले नाही याची चौकशी हीदेखील सुन्नत आहे. मस्जिदे नबवी झाडणारी एक व्यक्ती दिसेना म्हणून प्रेषितांनी विचारपूस केली. ती मरण पावली असून लोकांनी क्षुल्लक समजून कळवले नाही असे समजल्यावर ते तिच्या कबरीवर गेले आणि जनाजाची नमाज अदा केली. आपल्या मोहल्ल्यातील ज्या घरातून मूल कधीच मस्जिदीत येत नाही, त्या घराची चौकशी आपण किती वेळा केली?

मकतब व शिक्षण

"याला काही पाठ होत नाही" म्हणून ज्यांची नावे मकतबमधून कमी होतात, त्यांच्यासाठी अबू दाऊद व नसाई यांच्यातील एक हदीस फार मोलाची आहे. एक मनुष्य आला आणि आपल्याला कुरआनमधील काहीही पाठ होऊ शकत नाही, तर पुरेसे होईल असे काही शिकवावे, असे म्हणाला. प्रेषितांनी त्याला परत पाठवले नाही. सुबहानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाहा इल्लल्लाह, अल्लाहु अकबर आणि ला हौल हे अज्कार त्याला शिकवले. म्हणजे ज्याची धारणाशक्ती कमी आहे त्याच्यासाठी अभ्यासक्रम लहान केला, पण वर्ग बंद केला नाही. आणि जो अडखळत, कष्टाने कुरआन वाचतो त्याला दुहेरी सवाब आहे, ही हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत बुखारी व मुस्लिममध्ये आहे. पहिल्या दमात पाठ करणाऱ्याची आपण पाठ थोपटतो, ते योग्यच आहे. पण अडखळणाऱ्याचा सवाब दुप्पट आहे, हे उस्तादांनी विसरू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा की वर्षभरात एक लहान सूरह किंवा केवळ बिस्मिल्लाह व सलाम शिकणे हेही त्या मुलाचे यश मानावे. चित्रे दाखवून, वजू प्रत्यक्ष करून, तोच क्रम रोज तसाच ठेवून शिकवावे. आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास वेगळा दिला तरी प्रारंभ होतो. दुनियावी शिक्षणाचा हक्क तर कायद्यानेच दिला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे समाविष्ट आहेत, आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षण मिळण्याची तरतूद आहे. मुंबईतील जय वकील ही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा १९४४ पासून कार्यरत आहे. आज राज्यात अनेक ठिकाणी अशा विशेष शाळा आहेत, आणि जवळची शाळा कोणती हे जमातीने शोधून कुटुंबाला सांगावे.

वारसा, वली आणि आईवडिलांची चिंता

अशा मुलाच्या आईवडिलांच्या मनात रात्रंदिवस एकच प्रश्न असतो, "आमच्यानंतर याचे काय?" सर्वांत मोठा अन्यायही याच ठिकाणी घडतो. भाऊ आपसांत वाटणी करतात आणि अपंग भावाचा किंवा बहिणीचा हिस्सा 'आम्हीच तर सांभाळतो' असे म्हणून आपल्यात मिसळून टाकतात. शरीअतने वारशाच्या वाटणीत बुद्धीची अट कोठेही घातलेली नाही. सूरह निसामध्ये ठरवलेला हिस्सा त्या व्यक्तीचा आहे. सांभाळणाऱ्याला तो गिळंकृत करण्याचा अधिकार नाही.

त्याच सूरहच्या पाचव्या आयतीत ज्यांना व्यवहार कळत नाही त्यांच्या हाती संपत्ती सोपवू नये असे सांगून लगेच तीन आदेश दिले आहेत: त्यांना त्यात खाऊ घालावे, वस्त्र द्यावे आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोलावे. जमख्शरी व राजी या भाष्यकारांनी येथे एक सूक्ष्म गोष्ट दाखवली आहे. आयतीत 'त्यातून' न म्हणता 'त्यात' हा शब्द आला आहे. याचा अर्थ मूळ रक्कम खात बसू नये, ती व्यापारात किंवा उत्पन्नाच्या साधनात लावावी आणि नफ्यातून खर्च चालवावा. पुढच्या आयतीत सांपत्तिक स्थिती चांगली असलेल्या वलीने अनाथाच्या मालापासून दूर राहावे, गरीब वलीने रास्त प्रमाणात घ्यावे, आणि माल परत सोपवताना साक्षीदार ठेवावेत असे सांगितले आहे. आणि सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत, देवाणघेवाणीचा कागद लिहिताना देणेकरी अल्पबुद्धी, दुर्बल किंवा सांगण्यास असमर्थ असेल तर त्याच्या वलीने न्यायाने सांगावे, असा आदेश आहे. विचार करा, तो देणेकरी आहे, म्हणजे व्यवहारात त्याचे नाव आहे. केवळ बोलण्याचे काम वली करतो.

पोटगीविषयीही फिकह स्पष्ट आहे. कमावता झालेल्या सज्ञान मुलाची पोटगी बापावरून उतरते. जो कमावण्यास असमर्थ आहे आणि ज्याच्याकडे स्वतःची संपत्ती नाही, त्याची पोटगी वय वाढले तरी कायम राहते. हनफी मतानुसार बापानंतर ती महरम नातलगांवर त्यांच्या वारसा हिश्श्याच्या प्रमाणात येते. शाफिई मतात ही सक्ती वरच्या व खालच्या पिढ्यांपुरती आहे, तरी सिला-रहमीचे कर्तव्य भावावरही राहतेच. जकातीबाबत आपल्या कोकणातील शाफिई बांधवांनी ध्यानात ठेवावे की अशा व्यक्तीच्या मालावर जकात आहे आणि ती वलीने काढावी. हनफी मतानुसार ती वाजिब नाही.

आईवडिलांनी हयातीत काय करावे? वारसासाठी वसीयत नाही, इतर वारसांनी मान्य केली तरच ती लागू होते. म्हणून ज्यांना या मुलासाठी अधिक काही ठेवावयाचे आहे त्यांनी हयातीतच हिबाचा विचार करावा. मुलांमध्ये न्याय करण्याचा आदेश आहेच. तरीही इब्ने कुदामा (रह.) यांच्यासारख्या फुकहांनी अपंगत्व किंवा खरी गरज असेल तर एका मुलाला अधिक देण्यास मुभा दिली आहे. हे इतर मुलांना समोर बसवून, त्यांच्या माहितीने, मुफ्ती व वकील दोघांच्या सल्ल्याने करावे, म्हणजे पुढे कलह होणार नाही.

देशाच्या कायद्याचीही मदत घ्यावी. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. त्या पालकाला संपत्तीची यादी व वार्षिक हिशेब द्यावा लागतो. कुरआनने वलीकडून ज्या प्रामाणिकपणाची अपेक्षा केली आहे, त्याला हे पोषकच आहे. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड ही या सर्व मार्गांची पहिली पायरी आहे. 'लग्नाच्या वेळी इतर मुलींना अडचण येईल' म्हणून प्रमाणपत्रच न काढणारी घरे आपल्यात आहेत. लोकलज्जेपायी एका अपत्याचा हक्क बुडवणे अल्लाहसमोर कसे टिकेल?

जमातीने काय करावे?

अरबांत काही लोक दृष्टिहीन, पंगू व आजारी यांच्यासोबत जेवणे टाळत, आणि ही मंडळीही संकोचाने मागे राहत. भाष्यकारांनी सूरह नूरच्या ६१ व्या आयतीच्या अवतरणाची जी कारणे दिली आहेत त्यांत हेही एक आहे. त्या आयतीने एकत्र बसून जेवण्यातील संकोच दूर केला. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळले जाते ते सर्वांत वाईट जेवण, असे हदीसमध्ये आले आहे. 'सहकुटुंब या' म्हणून त्या एकाला घरी ठेवण्याची अपेक्षा करणे हेही त्याच जातीचे वगळणे आहे. आमंत्रण देताना त्याचे नाव घेऊन द्यावे.

भाषेकडेही लक्ष द्यावे. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत थट्टा करणे, टोमणे मारणे व वाईट टोपणनावे ठेवणे यांची मनाई आहे. गल्लीतील मुले 'पागल', 'येडा' म्हणून हाका मारतात तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखे करणारे मोठेही त्यात सामील होतात. त्याचे जे नाव अकीक्यात ठेवले, त्याच नावाने त्याला हाक मारावी.

आणि त्या घरातील आईचा विचार करावा. कित्येक वर्षे ती ना तरावीहला गेली, ना दर्सला, ना माहेरी निश्चिंतपणे राहिली. शेजारच्या दोन-तीन भगिनींनी आठवड्यातून दोन तास आळीपाळीने मुलाजवळ बसणे हे फार मोठे सदका आहे. भावंडांकडेही पाहावे, कारण त्यांच्या वाट्याला लहान वयात मोठी जबाबदारी आलेली असते. शक्य असेल तेथे व्यवसायात लहानसे काम द्यावे, जसे पाकिटे भरणे, पुस्तके रचणे, मस्जिदीतील चटया अंथरणे, आणि त्याचा रास्त मोबदला त्याच्या हातात द्यावा.

बुखारीतील एका हदीसमध्ये प्रेषितांनी सांगितले आहे की तुम्हाला मदत व रोजी मिळते ती तुमच्यातील दुर्बलांमुळेच. आपण समजतो की आपण त्यांना पोसतो, तर हदीस सांगते की त्यांच्यामुळे आपल्याला मिळते. ही गोष्ट मनात ठसली तर त्यांना सांभाळणे हे उपकाराचे काम वाटणार नाही. ते आपल्यावर असलेले ऋण वाटेल. त्यांच्यावरून लेखणी उचलली गेली आहे. आपल्यावरून मात्र ती उचललेली नाही, आणि त्यांच्याशी आपण कसे वागलो हे तीच लेखणी लिहीत आहे.

अल्लाह आपल्या सर्वांना या अमानतीची जाणीव देवो, आपल्या मस्जिदींची व घरांची दारे त्यांच्यासाठी खुली करण्याची शक्ती देवो, आणि ज्या आईवडिलांना 'आमच्यानंतर काय' ही चिंता जाळते त्यांच्यासाठी आपल्या जमातीला आधार बनवो. आमीन.